वस्तू क्रमांक सतरा, सुस्थितीत

कुमुदताईचं पत्र आल्यावर दिवाळी उलटली, संक्रांत उलटली, तरी गुणवंतरावांनी उत्तर लिहिलं नव्हतं. पत्र अकोल्याहून आलं होतं आणि मागणी साधी होती. "गुणा, आईचं पितळी पुरणयंत्र तुझ्याकडे आहे ते पाठव. मिक्सरचं पुरण म्हणजे नुसती लापशी. हात थरथरतात आता. या होळीला एकदा आईच्या यंत्रातून पुरण काढेन म्हणते. पुढच्या होळीचं कोणी सांगावं?"

गुणवंतराव केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. वरिष्ठांनी मसुदा मंजूर केल्याशिवाय उत्तर धाडायचं नाही, ही सवय मात्र निवृत्त झाली नव्हती. घरातल्या वरिष्ठ सुमित्राबाई म्हणाल्या, "अहो, 'पाठवतो' एवढंच लिहायचंय. त्यात कसला ड्राफ्ट?" पण सख्ख्या बहिणीला 'तीर्थस्वरूप' लिहावं की 'प्रिय', इथेच गाडं अडलं होतं.

तेवढ्यात दिल्लीच्या मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीत मराठी कुटुंबांच्या वारशाची नोंदणी सुरू झाली. समितीचे अध्यक्ष राजाभाऊ दारात येऊन उभे राहिले.

"चलो गुणवंतराव, जुनं काय असेल ते काढा. नोंदीपुरतं, दोन दिवस!"

गुणवंतरावांना तोंडावर नाही म्हणता येत नसे. पुरणयंत्र क्लबरूमच्या काचेच्या कपाटात गेलं. नोंदी करणारी अरुणा दिल्लीतच वाढलेली. तिच्या घरी पुरणपोळी फोन केला की यायची. तिने बराच अभ्यास करून कार्ड लिहिलं: 'वस्तू क्रमांक सतरा. मराठा छावणीतील उपकरण. बहुधा बंदुकीची दारू चाळण्यासाठी.'

"यात आई पुरण वाटायची," गुणवंतराव चाचरत म्हणाले.

"पॉसिबल आहे, अंकल. नंतरच्या काळात दुरुपयोग झाला असेल."

होळी तोंडावर आली तेव्हा ते यंत्र परत मागायला गेले. राजाभाऊंनी मालकीचा पुरावा मागितला. गुणवंतरावांनी भाबडेपणाने ताईचं पत्र पुढे केलं. त्यात 'आईचं' असं स्पष्टच होतं. राजाभाऊंचा चेहरा गंभीर झाला.

"म्हणजे दुसरा दावेदार आहे! उत्तर दिलंत?"

"नाही अजून."

"मग वाद प्रलंबित. वादातली वस्तू हलवता येत नाही."

"आजच उत्तर लिहितो."

"कसं लिहिणार? वाद प्रलंबित असताना दावेदारांनी परस्पर पत्रव्यवहार करायचा नसतो."

गुणवंतरावांना हे पटलं. सुमित्राबाईंना पटलं नाही. "मग ताईंना काय कळवायचं? आपली पुरण खाण्याची इच्छा विचाराधीन आहे?"

समितीने एक उदारपणा दाखवला. वादातल्या वस्तूवरची धूळ दावेदारानेच पुसावी असा ठराव करून कपाटाची किल्ली गुणवंतरावांकडे दिली. एका दुपारी धूळ पुसता पुसता त्यांनी यंत्र पिशवीत टाकलं. कार्डाला हात लावला नाही. कार्डाबद्दल कोणाचाच वाद नव्हता.

दुसऱ्याच दिवशी प्रदर्शनाआधीची पडताळणी निघाली. कबुलीचा मसुदा खिशात घालून ते हजर राहिले. राजाभाऊंनी वहीतला सतरा वाचला, अरुणाने कपाटातला सतरा वाचला. दोन्ही जुळले.

"सुस्थितीत," राजाभाऊंनी शेरा मारला. "आणि धूळ बघा, कणभर नाही. बिल्कुल आदर्श!"

रविवारी प्रदर्शन भरलं. लोकांनी रांग लावून कार्ड वाचलं, कार्डाशेजारी फोटो काढले. अभिप्रायाच्या वहीत 'अंगावर काटा आला' असं पुष्कळांनी लिहिलं. त्या गर्दीत तुम्हीही होतात. रिकाम्या फळीकडे बोट दाखवून तुम्ही मुलाला म्हणालात, "नीट बघून घे, ही आपली संस्कृती." गुणवंतराव तुमच्या मागेच उभे होते. त्या वाक्याने त्यांना फार धीर आला.

सोमवारी सकाळी ते पार्सल घेऊन पोस्टात गेले. वर उत्तर चिकटवलं होतं, पहिल्यांदाच मसुद्याशिवाय लिहिलेलं:

"ताई, यंत्र पाठवतो आहे. इथे ते नाही, हे कोणाच्या लक्षातही आलेलं नाही."