मावशीचं बेकन आणि तेवीस खेकडे

खेकडे पकडण्यात माझा हात धरणारा इंग्लंडमधल्या आमच्या अख्ख्या ओल्डम गावात कोणी नव्हता! हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. १९५३ साली मोरकॅमच्या समुद्रातल्या दगडी धक्क्यावरून एका दुपारी मी तेवीस खेकडे काढले. तेवीस! आमच्या नात्यागोत्यात हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. तरीपण घरच्या समारंभात हा विषय निघाला की मी मुकाट्याने उठतो आणि सगळ्यांसाठी चहा आणायला जातो. का, ते आज सांगून टाकतो. वय झालं आता, चहाच्या किटल्या किती दिवस उचलणार?

आमच्याकडे वर्षातून एक आठवडा गावातल्या सगळ्या सूतगिरण्या एकदम बंद व्हायच्या आणि सगळं गाव एकदम समुद्रावर जायचं. म्हणजे ज्या शेजाऱ्यांचं तोंड वर्षभर बघून कंटाळा आला, तेच शेजारी वाळूत शेजारच्या खुर्चीवर! बाबा कोट आणि टाय घालून, फक्त पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसायचे. एवढी दुमडली म्हणजे सुट्टी सुरू.

मोरकॅमला आम्ही उतरायचो भाड्याने खोल्या देणाऱ्या ग्रिमशॉबाईंच्या घरी. पाच खोल्या, पाच बिऱ्हाडं, एक न्हाणीघर. त्या काळी रेशन होतं, त्यामुळे प्रत्येकाने आपापलं सामान न्यायचं. साखर, लोणी, चहा, बेकन म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या, सगळ्यावर नाव लिहून बाईंच्या कोठीत ठेवायचं. बाई ज्याचं त्याला शिजवून वाढायच्या. कोणाचं अंडं कोणाच्या ताटात गेलं असं वीस वर्षांत झालं नव्हतं! "माझ्या कोठीतून मुंगीसुद्धा विचारून जाते," असं त्या म्हणायच्या. न्याहारी झाली की सगळ्यांना बाहेर काढायच्या आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत दार उघडायच्या नाहीत. पाऊस पडो नाहीतर प्रलय येवो.

त्या वर्षी आमच्याबरोबर आयव्ही मावशी होती. आईची धाकटी बहीण, वय चौतीस, अजून लग्न व्हायचं होतं. आई रोज रात्री बाबांच्या कानाशी कुजबुजायची, "या खेपेला तरी कोणी भेटू दे हो." आणि भेटला की! समोरच्या टेबलावर एकटे बसणारे हॅस्लम. बसचे कंडक्टर, लांब मान, बोलताना कान लाल. पहिल्या दिवशी त्यांनी मावशीला मीठ दिलं. दुसऱ्या दिवशी मोहरीची चटणी. तिसऱ्या दिवशी दोघं धक्क्यावर फिरून आले आणि आईने जेवताना दोनदा टेबलाखालून बाबांना लाथ मारली. मावशीने एक लाल मफलर विणायला घेतला होता. जूनमध्ये, भर उन्हाळ्यात! कोणासाठी, असं विचारलं की म्हणायची, "होईल कोणाला तरी."

मला हॅस्लम फारसे आवडले नव्हते. एक तर ते मुलांना विचारू नये तेच विचारायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "काय विल्फ, मोठेपणी कोण व्हायचंय?"

मी म्हणालो, "कोण व्हायचं ते नाही ठरलं. पण मला एकदा पोट फुटेस्तोवर बेकन खायचंय. आमच्याकडे प्रत्येकाला एकच पट्टी मिळते. बाबांची मोठी असते."

हॅस्लम हसले. बाबा हसले नाहीत.

दुसरं म्हणजे हा माणूस महाकंजूस! आम्ही सगळे सकाळी आपापली पट्टी चघळत असायचो आणि हा आठवडाभर कोरडा पाव आणि चहा. ग्रिमशॉबाईंनी विचारलं, "तळू का तुमचं बेकन?" तर म्हणे, "राहू द्या, पोटाला झेपत नाही." मी मनात म्हणालो, मावशी, सांभाळ गं बाई! हा लग्नानंतर तुला चहाची पत्ती मोजून देईल.

आता माझं दुःख सांगतो. आमच्याच गल्लीतला नॉर्मन पण मोरकॅमला आला होता. (येणारच. सगळं गाव आलं होतं.) खेकडे पकडायची रीत अशी, की दोऱ्याला खाण्याचा तुकडा बांधून धक्क्यावरून खाली सोडायचा. खेकडा तो धरतो आणि हावरटपणाने सोडत नाही, तसाच वर येतो. मी पावाचे तुकडे बांधत होतो, ते पाण्यात विरघळायचे. नॉर्मनकडे माशांची डोकी होती. गुरुवारी त्याचे झाले नऊ आणि माझे दोन, त्यातला एक मेलेला.

"तू ना विल्फ, शिंपले गोळा कर," नॉर्मन म्हणाला. "आमची धाकटी बहीण तेच करते. ती चार वर्षांची आहे."

रात्रभर मला झोप लागली नाही.

शुक्रवारी न्याहारीनंतर मी मावशीच्या पिशवीतून लाल लोकर घेतली, कारण माझा दोरा तुटला होता. ग्रिमशॉबाई मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होत्या. मी कोठीत शिरलो. माशाचं एखादं डोकं मिळालं तरी चाललं असतं, देवाशपथ! पण वरच्या फळीवर एक नवी पुडी दिसली. सुतळीने नीट बांधलेली. वर नाव होतं, 'मिस आयव्ही'. वास घेतला. बेकन!

तुम्ही मला चोर म्हणाल. पण मी अकरा वर्षांचा होतो आणि माझा हिशोब साधा होता. दुसऱ्याचं घेतलं तर चोरी. मावशीचं म्हणजे आपलंच! मी पुडी उघडली. सहा पट्ट्या. सहा! सोबत घडी घातलेली एक चिठ्ठी होती. असेल वाण्याची, म्हणून मी ती खिशात घातली आणि नंतर तिची होडी करून पाण्यात सोडली. छान चालली होती. पुडी रिकामी झाल्यावर हलकी लागायला लागली, म्हणून मी दाराबाहेर ठेवलेल्या बादलीतलं समुद्राचं ओलं शेवाळ त्यात भरलं आणि सुतळी होती तशी बांधली. गाठ मला सुंदर यायची.

त्या दुपारी खेकड्यांनी रांगा लावल्या हो! बेकनचा वास लागल्यावर पार आयर्लंडहून आले असतील. नॉर्मन अकरा खेकड्यांवर थांबला आणि "माझ्या पोटात दुखतंय" म्हणून घरी गेला. बाबांना दाखवायचे म्हणून मी तेवीसच्या तेवीस बादलीत घालून घरी नेले आणि जिन्याखाली छत्र्यांच्या मागे लपवले. कारण बाई वाळूचा कण घरात येऊ द्यायच्या नाहीत, खेकडे तर लांबच.

शनिवार, शेवटची सकाळ. दहाची गाडी. पाचही बिऱ्हाडं न्याहारीला जमली आणि हॅस्लम उठून उभे राहिले. त्यांनी चमच्याने कप वाजवला. कान असे लाल, की त्यावर पाव भाजला असता.

"मला काही बोलता येत नाही," ते म्हणाले. "दिवसभर तिकीट तिकीट एवढंच बोलतो. म्हणून जे सांगायचंय ते मी यात ठेवलंय. मिस आयव्ही, सगळ्यांसमोर उघडा."

आणि त्यांनी ती पुडी मावशीच्या हातात दिली!

तेव्हाच बोलायला हवं होतं. "मावशी थांब" एवढे दोन शब्द! पण मी घाईघाईने पावाचा आणखी एक घास तोंडात कोंबला.

मावशीने लाजत लाजत सुतळी सोडली. आईने डोळ्यांना रुमाल लावायची तयारी केली. कागद उघडला आणि अख्ख्या खोलीत घाण वास सुटला. हिरवं, बुळबुळीत, रात्रभर कुजलेलं शेवाळ मावशीच्या चांगल्या झग्यावर ओघळलं.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मावशीचा चेहरा पांढरा पडला.

"हे सांगायचं होतं तुम्हाला?" ती म्हणाली. "चौतीस वर्षांची झाले म्हणून? किनाऱ्यावर वाहून आलेली म्हणून?"

"नाही! अहो, मी... यात..." हॅस्लमची मान आणखी लांब झाली.

मावशी धाडधाड जिना चढून वर गेली. बाबांनी हॅस्लमची कॉलर धरली. "काय हो? माझ्या मेहुणीची थट्टा करता? पाच बिऱ्हाडांसमोर?"

"यात बेकन होतं हो! कोणीतरी काढलं!"

"माझ्या कोठीतून?" ग्रिमशॉबाई कालथा घेऊन आल्या. "म्हणजे मी चोर? वीस वर्षांत एक अंडं इकडचं तिकडे झालं नाही, आणि हा उपाशी बगळा मला चोर म्हणतो?"

सगळी बिऱ्हाडं आपापल्या साखरेचे डबे तपासायला धावली. "आमचं लोणी कमी झालंय!" "आमचं तर पहिल्या दिवसापासून कमी होतंय!" वीस वर्षांची अब्रू दोन मिनिटांत धुळीला मिळाली. बाई एवढ्या खमक्या, पण कालथा टाकून मटकन खुर्चीत बसल्या.

आणि मी काय केलं असेल? मी तोंड उघडलं. उघडलं ते उघडलं, आणि म्हणालो, "मांजरीने खाल्लं असेल!"

बाईंची मांजर चौदा वर्षांची होती आणि तिला एक दात होता. ती खिडकीत झोपली होती.

"मांजरीने खाल्लं," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आणि मग शेवाळ भरून सुतळीची गाठ मारली? काय रे?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. पण मोरकॅमची धरणी नुसती ओली होते, दुभंगत नाही. तेवढ्यात मावशी टोपी घालून, बॅग घेऊन खाली उतरली. डोळे सुजलेले. "ताई, मी स्टेशनवर जाते. तुम्ही सावकाश या." हॅस्लम तिच्याकडे बघत उभे होते आणि त्यांचा ओठ लहान मुलासारखा हलत होता. अजूनही वेळ होती. मी बोललो नाही. ही लाज मला आजतागायत आहे.

मावशीने जिन्याखालून तिची छत्री ओढली.

खणखण धडाम! बादली आडवी झाली आणि तेवीस खेकडे तिरके तिरके जेवणाच्या खोलीत शिरले. किंकाळ्या! बायका खुर्च्यांवर, बाबा टेबलावर! म्हातारी मांजर चौदा वर्षांत पहिल्यांदा पळाली. आणि सगळ्यांच्या पुढे एक दांडगा खेकडा, नांगीत बेकनचं साल, त्याला बांधलेली लाल लोकर, आणि ती लोकर मागे वरातीसारखी फरफटत येतेय!

खेकडा बरोबर मावशीच्या बुटापाशी थांबला. तिने खाली वाकून लोकर उचलली.

"ही माझी लोकर आहे," मावशी म्हणाली.

पाच बिऱ्हाडांनी माझ्याकडे पाहिलं. एका दाताची मांजरही दारातून पाहत होती.

"विल्फ," आई इतक्या हळू म्हणाली, की मला रडूच फुटलं. मग मी सगळं ओकलो. नॉर्मनपासून होडीपर्यंत.

मावशी हॅस्लमकडे वळली. "खरंच बेकन होतं?"

"सहा पट्ट्या."

"म्हणून आठवडाभर कोरडा पाव खाल्लात?"

हॅस्लमनी मान हलवली. मावशीने बॅग खाली ठेवली, तो अर्धवट मफलर काढला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या गळ्यात घातला. भर जूनमध्ये! आईच्या रुमालाचं सार्थक झालं. आमची गाडी चुकली. मला बाईंची माफी मागावी लागली, मग मांजरीची, तीही वाकून, आणि मग बाबांनी माझ्याकडून तेवीसही खेकडे मोजून परत समुद्रात सोडवले.

मी पुढे कित्येक वर्षं मनाची समजूत घालत आलो, की माझ्यामुळेच तर लग्न जमलं! त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोन ग्लास झाल्यावर मी हे मोठ्याने म्हणूनही टाकलं.

हॅस्लम काका हसले. कान अजून लाल व्हायचे. "ते जमलंच होतं रे. बुधवारीच धक्क्यावर ती हो म्हणाली होती. फक्त सगळ्यांना सांगायचं बाकी होतं."

"मग पुडीत काय सांगायचं होतं?"

"चिठ्ठीत लिहिलं होतं ना. तिची तू होडी केलीस." काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "'ही आपल्या संसाराची पहिली न्याहारी. एक तुला, एक मला, आणि चार विल्फला. त्याला एकदा पोटभर खायचंय.'"

मी उठलो आणि सगळ्यांसाठी चहा आणायला गेलो. मोरकॅमला त्या आठवड्यात पोटभर बेकन खाल्लं ते फक्त खेकड्यांनी.