परवानगी लागत नसल्याची परवानगी

मलाखी बेगन यांचा विवाह शनिवारी सकाळी अकरा वाजता क्लोनिसच्या चर्चमध्ये संपन्न होणार होता. नवरदेव साठीला टेकलेले, नवरी त्यांच्याहून थोडी मोठीच. पण मोनॅहन जिल्ह्यात घोडनवऱ्याचं कुणाला अप्रूप नाही. तिथं चाळिशीच्या आत बोहल्यावर चढणाऱ्यालाच लोक उतावळा म्हणतात.

मलाखीचं घर ड्रमक्रोत, म्हणजे आयर्लंडमध्ये. चर्चही आयर्लंडमध्ये. मधला रस्ता मात्र ब्रिटनमधून, म्हणजे बेटाच्या उत्तरेकडच्या ब्रिटिश भागातून, जात होता. शंभर वर्षांपूर्वी ज्या साहेबांनी नकाशावर रेघ ओढली, त्यांचा हात बहुधा जेवणाची घंटा होताच हलला असावा. त्यामुळे ड्रमक्रो हा आयर्लंडचा तुकडा जिभेसारखा बाहेर येऊन थेट ब्रिटनच्या तोंडात गेला. गाडीनं तिथं पोहोचायचं तर ब्रिटनमध्ये शिरायचं आणि चहा गार व्हायच्या आत बाहेर पडायचं. वाटेत चौकी नाही, आडवा दांडा नाही, शिपाई नाही. डांबराच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि पुढं पुन्हा पिवळी होते, एवढंच. ड्रमक्रोच्या माणसाला सरहद्द कुठं आहे असं विचारलं, तर तो टोपी मागं सारून विचार करतो आणि म्हणतो, "ती होय? असेल इथंच कुठंतरी."

नवरी ग्रासिएला इबार्रा ही अर्जेंटिनाची, मेंदोसा शहरातली. उभा जन्म तिनं अँडीज पर्वतातल्या सरहद्दीच्या नाक्यावर अधिकारी म्हणून काढला होता. मलाखीची आणि तिची गाठ लूर्दच्या ख्रिस्ती यात्रेत पडली. तीर्थाच्या रांगेत मलाखी हळूच पुढं घुसला. ग्रासिएलानं त्याच्या कोटाची कॉलर धरली आणि त्याला पार शेवटी नेऊन उभं केलं. आई गेल्यापासून मलाखीकडे इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं. तो तिथंच प्रेमात पडला.

लग्नाच्या आठवड्यात तो तिला डब्लिनच्या विमानतळावरून घरी घेऊन आला. घरात त्यानं नवे पडदे लावले होते आणि खुंटीवर दुसरा कप टांगला होता. ग्रासिएलानं चहा घेतला, कप धुतला, पुसला आणि पुन्हा खुंटीला लावला. ते पाहून मलाखीला भरून आलं. मग तिनं फोन त्याच्यापुढं धरला.

"मलाखी, हे काय आहे? वाटेत फोननं माझं ब्रिटनमध्ये स्वागत केलं. नंतर आयर्लंडमध्ये केलं."

"फोनला काय कळतंय. आपण त्यांच्या बाजूनं आलो थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"मरे आजीच्या गोठ्यापासून पुलापर्यंत."

ग्रासिएलाचा चेहरा उतरला. तिला ब्रिटनसाठी व्हिसा लागत नव्हता, हे तिला पाठ होतं. पण ज्यांना व्हिसा लागत नाही, त्यांनी तो लागत नसल्याची परवानगी निघण्यापूर्वी घ्यायची असते, हेही पाठ होतं. रस्त्यानं जाणाऱ्यांना सूट नाही. गोठ्यापासून पुलापर्यंत जाणाऱ्यांनाही नाही.

"मी घुसखोर आहे," ती म्हणाली.

"अगं, कोण बघतंय?"

हे वाक्य मलाखीनं उच्चारायला नको होतं. नाक्यावर हे वाक्य म्हणणारा प्रत्येक माणूस तिनं आल्या वाटेनं परत पाठवला होता. तिनं शांतपणे कोट काढला. "परवानगी येईपर्यंत मी त्या रस्त्यावर पाऊल टाकणार नाही. नियम मोडून सुरू झालेला संसार मला नको."

तिनं लगेच अर्ज भरला. अर्जात एक प्रश्न होता : यापूर्वी आपण या देशात विनापरवाना प्रवेश केला आहे काय? जगातल्या सर्व लोकांनी या प्रश्नाला आजवर 'नाही' असंच उत्तर दिलेलं होतं. ग्रासिएलानं 'होय' लिहिलं. यंत्राला हे उत्तर अपरिचित असल्यामुळे त्यानं अर्ज एका माणसाकडे पाठवला आणि त्या माणसाचा फोन आला.

"बाई, सध्या आपण कुठं आहात?"

"आयर्लंडमध्ये."

"उत्तम. अर्ज देशाबाहेरूनच करायचा असतो."

"पण इथं मी तुमच्या देशातून आले."

"आमच्याकडे आपल्या प्रवेशाची नोंद दिसत नाही."

"नोंद करायला तिथं कुणी नव्हतंच."

"बरोबर. त्या सरहद्दीवर आम्ही तपासणी करत नाही."

"मग नियम?"

"नियम आहे. तपासणी नाही. ही दोन्ही आमची धोरणं आहेत."

"म्हणजे मी गुन्हा केला की नाही?"

"केलात. पण तो आम्हाला माहीत नाही."

"आत्ता सांगितला ना मी!"

पलीकडून उसासा ऐकू आला. "बाई, हात जोडतो, सांगू नका. तुम्ही सांगितलंत तर मला ऐकावं लागेल. ऐकलं की फाइल उघडावी लागते. आणि फाइल उघडली की ती बंद करणारा विभाग वेगळा आहे."

"उघडा," ग्रासिएला म्हणाली.

फाइल उघडली. निर्णयाला किमान तीन आठवडे लागतील असं कळवण्यात आलं. लग्न तीन दिवसांवर होतं.

मलाखीची थोरली बहीण डिंफ्ना ही करवली. ती क्लोनिसहून हॅमचे सँडविच करायचं सामान घेऊन आली आणि सगळं ऐकून खुर्चीत बसली. "बाई गं! आमच्या आजीनं याच रस्त्यानं स्कर्टाखालून लोणी नेलं. काकानं डुकरं नेली, त्यातलं एक तर टोपी घालून पुढच्या सीटवर बसवलं होतं. आणि तुला नुसतं स्वतःला न्यायचं तर परवानगी?"

"डुकराला ती लागते की नाही ते मला बघावं लागेल," ग्रासिएला गंभीरपणे म्हणाली.

"फादरला इथंच बोलावू," मलाखी म्हणाला.

"फादर घराच्या ओसरीवर लग्न लावत नाहीत, आणि तुझ्या ओसरीवर तर कोंबड्याही बसत नाहीत," डिंफ्नानं त्याला गप्प केलं. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जिभेला मूळ असतं ना रे."

मलाखीच्या तोंडचं पाणी पळालं. ड्रमक्रोची जीभ मागच्या बाजूनं आयर्लंडला चिकटलेली होती खरी. तिथं रस्ता नव्हता. दलदलीची एक चिंचोळी पट्टी होती, आणि ती फिलिक्स ग्रीननच्या मालकीची होती. ग्रीनन आणि बेगन या घरांत बांधावरून वैर होतं. मलाखी आणि फिलिक्स लहानपणी एका बाकावर बसले, मोठेपणी चर्चमध्ये एका रांगेत बसले; पण मध्ये एक जागा सोडून आणि एक अक्षर न बोलता.

"ब्रिटनच्या तुरुंगात जाईन," मलाखी म्हणाला, "पण फिलिक्सच्या फाटकात जाणार नाही."

"तुझी मर्जी," ग्रासिएला म्हणाली. "मी शनिवारी जाणार आहे. चर्चमध्ये नवरा असला तर बरं दिसेल."

शनिवारी सकाळी वरात निघाली. पुढं पांढऱ्या पोशाखात आणि हिरव्या गमबुटात नवरी, मागं टोपली घेतलेली डिंफ्ना, सगळ्यात शेवटी नवा सूट आणि पडलेलं तोंड घेऊन नवरदेव. फिलिक्सचं फाटक निळ्या सुतळीनं बांधलेलं होतं. फिलिक्स पलीकडं उभा होता. डिंफ्ना आदल्या दिवशी दुकानात त्याच्याशी बोलली होती, त्यामुळे त्यानं दाढी केली होती आणि बापाचा अंत्ययात्रेचा कोट घातला होता.

"थांबा," फिलिक्स म्हणाला. "प्रवासाचा हेतू?"

ग्रासिएलाचा चेहरा उजळला. या देशात आल्यापासून तिला भेटलेला हा पहिलाच कर्तव्यदक्ष माणूस होता. तिनं पासपोर्ट पुढं केला. "लग्न."

"कुणाशी?"

"याच्याशी."

फिलिक्सनं मलाखीकडं बराच वेळ पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

"मुक्काम किती?"

"मरेपर्यंत."

"सोबत मांस, दूध, रोपं?"

डिंफ्नानं टोपलीवरचं फडकं सारलं. फिलिक्सनं एक सँडविच उचललं. "हे जप्त करावं लागेल," असं म्हणून त्यानं ते तिथंच खाल्लं.

"आम्हीही असंच करायचो," ग्रासिएला आदरानं म्हणाली.

सुतळी सुटली. दोघी पलीकडं गेल्या. सुतळी पुन्हा बांधली गेली, आणि अलीकडं एकटा मलाखी उरला.

"मी रस्त्यानं येतो," तो पुटपुटला.

"गाडी डिंफ्नाचा नवरा घेऊन गेलाय, पाहुण्यांसाठी," फिलिक्स म्हणाला. "तुलाही प्रश्न आहेत. एकच आहे खरं तर. यापूर्वी या जमिनीत विनापरवाना प्रवेश केला आहे काय?"

चर्चची पहिली घंटा दलदलीवरून ऐकू आली. मलाखीनं बूट पाहिले. मग बांधाचे खांब पाहिले. तरुणपणी एका अंधाऱ्या रात्री बापानं त्याला कंदील धरायला नेलं होतं आणि ते खांब एकेक करून फिलिक्सच्या बाजूला सरकवले होते. हे ग्रीननांना ठाऊक होतं, बेगनांना ठाऊक होतं, फादरलाही ठाऊक होतं. सांगितलं मात्र कुणी नव्हतं. पलीकडं ग्रासिएला उभी होती. ती त्याच्याकडं नाही, त्याच्या उत्तराकडं बघत होती. आता हिला गमावलं तर खुंटीवरचा तो कप आपण बघू शकणार नाही, हे मलाखीला लख्ख कळलं.

"होय," तो म्हणाला. "फिलिक्स, त्या रात्री आम्ही..."

"सांगू नकोस रे," फिलिक्स घाईनं म्हणाला. "सांगितलंस तर मला ऐकावं लागेल." आणि सुतळीची गाठ बोटांनी सुटेना, म्हणून त्यानं ती दातांनी सोडवली.

लग्न पाच मिनिटं उशिरा लागलं. फिलिक्स मधली जागा न सोडता बसला.

सहा महिन्यांनी ब्रिटनच्या खात्याचं पत्र आलं. अर्जदार आता विवाहानंतर आयर्लंडची कायम रहिवासी असल्यामुळे तिला परवानगीची गरज उरलेली नाही. ज्याला परवानगीची गरज नाही त्याला ती देता येत नाही. सबब अर्ज नामंजूर. मात्र गरज नसल्याचा पुरावा तिनं नेहमी जवळ बाळगावा. तपासणी होणार नाही. ग्रासिएला तो पुरावा पर्समध्ये ठेवते आणि पाव आणायला आजही फिलिक्सच्या फाटकातूनच जाते. तिथं निदान कुणी विचारतं तरी.

राहता राहिलात तुम्ही. विमानतळावरून ड्रमक्रोला तुम्हीही मलाखीच्या गाडीतून आलात. गोठ्यापासून पुलापर्यंत ब्रिटन होतं, आणि तुमच्याकडं परवानगी नव्हती. आता रस्त्यानं परत जाता येणार नाही. फिलिक्सच्या फाटकातून मात्र जाता येईल. तो सुतळी हातात घेऊन उभाच आहे, आणि त्याचा प्रश्न साधा आहे : शेजाऱ्याचा बांध कधी कोरला आहे काय?

सावकाश उत्तर द्या. मागं बरीच रांग आहे, पण कुणालाच पुढं जायची घाई दिसत नाही.