सिदोजीरावांनी घोडी हरविली ते वर्तमान

श्रीकृपेने वर्तमान ऐसे जे, शके सोळाशे चौऱ्यांशी, चित्रभानू संवत्सरी, एका राज्यात पाच पानांच्या खेळाचे बहुत स्तोम माजले. प्रत्येकास पाच पाने वाटावी, नको ती एकवार बदलावी, मग पण चढवावा आणि शेवटी पाने उघडावी. जोडीहून दोन जोड्या थोर, त्याहून तीन सारखी, त्याहून पाचही एका रंगाची. चढलेला पण झेपेना त्याने पाने पालथी टाकावी. परंतु त्या राज्यीचे सरदार यासही रणातून पळणे म्हणत आणि हरत बसत. एक सिदोजीराव कोंढाळकर तेवढे दहांत सात वेळा हसत पाने टाकीत आणि उरल्या तीन डावांत सर्वांस नागवीत. त्यांनी मेहुणे हैबतराव यांस विद्या दिधली, "आपल्या पानांआधी समोरच्याचे हात पाहा. जो एकही पान न बदलता स्वस्थ बसतो, त्याच्या वाटेस जाऊ नका."

मग माघी पौर्णिमेस भर दरबारी दोघेच समोरासमोर बसले. सिदोजीरावांस दोन जोड्या आल्या, राजांची आणि दश्श्यांची. हैबतरावांनी एकही पान न बदलता तलवार पणास लाविली. हूल देते समयी त्यांचा हात मिशीस जाई. तो आज मांडीवर स्वस्थ होता. सिदोजीरावांनी ओळखिले आणि पाने पालथी घालणार, तों थोरले किल्लेदार हसोन बोलिले, "कोंढाळकर पळाले!" आणि दरबार खदखदला.

हैबतराव हळूच म्हणाले, "दाजी, टाका पाने. तुमचीच शिकवण."

सिदोजीरावांचे कान तापले आणि मुखातून गेले, "माझी हरणी पणास!" हरणी म्हणजे त्यांच्या पत्नी कैलासवासी सगुणाबाईंनी माहेराहून आणिलेली, आपल्या हाते गूळ चारून वाढविलेली घोडी. मग पाने उघडली. हैबतरावांची पाचही बदामाची.

"दाजी, घोडी तुमच्याच पागेत राहू द्या. ताईची आठवण आहे."

"डाव तो डाव," ऐसे बोलोन सिदोजीराव उठले. तेही चुकलेच. पाने टाकिता आली नाहीत, आणि दिधलेले घेताही आले नाही.

हल्ली हैबतरावांच्या पागेवरून जाणे पडिले तर सिदोजीराव सोबत्यांशी बोलणे थांबवितात. आवाज ऐकिला की हरणी खिंकाळते.

येणेप्रमाणे जाहले ते लिहिले. विद्या पूर्ण होती. हसू सोसवले नाही, इतकेच.