अकरा नंबर, लाल

माणिककाका सिनेमा पाहताना हिरोची पावलं मोजतात. मोठ्यानं. हिरो हिरॉइनच्या मागे धावत असला तर गप्प बसतात, पण त्याच्या हातात बास्केटबॉल आला की काका खुर्चीत पुढे सरकतात आणि सुरू होतात. "एक, दोन, तीन. बघा, तीन. गेला." तोवर हिरोनं बॉल बास्केटमध्ये टाकलेला असतो, पडद्यावर सगळं कॉलेज नाचत असतं आणि काका एकटेच धुसफुसत असतात. बॉल हातात धरून दोनपेक्षा जास्त पावलं टाकायची नाहीत, टाकली तर 'ट्रॅव्हलिंग' आणि बॉल समोरच्या संघाचा, हा त्या खेळातला पहिलीचा धडा. आपल्या एकाही हिरोला तो कुणी शिकवलेला नाही, असं काकांचं म्हणणं आहे, आणि आता माझंही आहे.

हैदराबादच्या नल्लकुंट्यात काका-काकू खाली राहतात, आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं. आम्ही पुण्याचे, नवऱ्याच्या कंपनीनं इकडे धाडलेले. काकांचं घराणं मूळ बिदरकडचं, शेतकऱ्यांचं, दोन पिढ्यांपूर्वी इथं आलेलं. त्यांच्या मराठीत 'हो'च्या जागी 'हौ' आहे, 'नक्को' आहे, 'खामखा परेशान' आहे. सुरुवातीला मी ती मनातल्या मनात दुरुस्त करत असे. हल्ली माझी आई फोनवर विचारते, हे हौ-हौ काय लावलंयस?

आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात काकू वर आल्या आणि म्हणाल्या, रविवारी ह्यांचा ड्राफ्ट आहे, या. काका बँकेतून निवृत्त झालेले. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली आणि उभी नोकरी डिमांड ड्राफ्टच्या काउंटरवर गेली, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे काहीतरी सत्काराचा कार्यक्रम असणार म्हणून मी बरी साडी नेसून पेढे घेऊन गेले. पाहते तर समोरच्या घरातले राव गारू, म्हणजे आपले रावसाहेब, गणिताचे निवृत्त प्राध्यापक, पाटावर कागद पसरून बसलेले, काकू चष्मा पुसतायत आणि काका उभं राहून भाषण करतायत. "आयुष्यभर लोकांचे ड्राफ्ट काढले," ते म्हणाले, "आता स्वतःचा काढतो."

तर हा ड्राफ्ट असा. सिनेमात ज्यांनी ज्यांनी बास्केटबॉल हातात धरला, त्या पात्रांतून आपापला संघ निवडायचा. नट नव्हे, पात्र. संघ चार. काकांचा नल्लकुंटा, काकूंचा नारायणगुडा, कारण ते त्यांचं माहेर, राव गारूंचा बरकतपुरा, आणि चौथा विद्यानगर माझ्या गळ्यात पडला. एकेकानं आळीपाळीनं खेळाडू 'उचलायचा'. मागच्या वर्षी जो तळाला, त्याला पहिली उचल. मग वर्षभर शनिवारी दुपारी व्हरांड्यात फासे टाकून सामने होतात, आणि पुढच्या वर्षी पाटी पुन्हा कोरी.

पोरखेळ म्हणाल, तर तसा तो आहे. पण काका त्यात न्यायाधीशासारखे बसतात. राव गारूंनी एकदा कुठल्याशा तेलुगू सिनेमातलं भूत उचललं. भुताला धक्का लागला तर फाउल धरायचा का, यावर दोन तास गेले. शेवटी काकांनी निकाल दिला की भूत दुसऱ्याच्या अंगातून जाऊ शकतं, पण बॉल जाऊ शकत नाही, म्हणून भुताला बॉलपुरता माणूस समजावं. मी डबल रोलमधले दोन्ही भाऊ मोठ्या हुशारीनं उचलले, तर काका म्हणाले, खुशाल घ्या, पण हे दोघं एकमेकांना पास देऊ शकणार नाहीत, कारण ते कॅमेऱ्यालाच जमलेलं नाही. एका हिरोच्या नावापुढे त्यांनी लिहून ठेवलंय, 'हवेत राहण्याचा वेळ: गाण्याचं एक कडवं.' काकू मात्र फक्त खलनायक घेतात. हिरोला सगळं आयतं मिळतं, मेहनत बिचारा खलनायक करतो, असं त्यांचं मत. नारायणगुडा बहुतेक वर्षी पहिला येतो.

आणि नल्लकुंटा दर वर्षी शेवटचा. याचं कारण म्हणजे काकांची पहिली उचल. उंच, धिप्पाड, हवेत तरंगणारे सगळे हिरो समोर असताना काका उभे राहतात आणि सांगतात, "अकरा नंबर, लाल." तीस वर्षांपूर्वीच्या एका सिनेमात हिरोच्या विरुद्ध हरणाऱ्या संघातला हा एक मुलगा. अंगात लाल बनियन, पाठीवर अकरा. उंची पाच फूट पाच इंच, हीसुद्धा काकांनी पडद्यावरच मोजलेली. त्याला संवाद नाही, नाव नाही. त्याच्यामुळे नल्लकुंटा तळाला जातो, तळाला गेल्यामुळे पहिली उचल मिळते आणि त्या उचलीत काका पुन्हा त्यालाच घेतात. राव गारूंनी एकदा याचं सूत्रही मांडून दाखवलं होतं.

यंदा मात्र मी घोळ घातला. काकांनी ड्राफ्टचे नियम एका वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलेत. इतक्या वर्षांत ती वही कुणी उघडली नव्हती, पण मी पडले पुण्याची. मला लेखी काही दिसलं की वाचल्याशिवाय चैन पडत नाही. काका "अकरा नंबर, लाल" म्हणाले आणि मी बोलून गेले, "काका, नियम नऊ. ज्याला नाव नाही तो खेळाडू उचलता येणार नाही. तुमच्याच अक्षरात आहे."

मला वाटलं होतं की हशा होईल. काकांनी वही घेतली, नियम वाचला आणि पेनाला टोपण लावलं. "बराबर आहे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारपर्यंत नाव आणतो. नाही आणलं तर अकरा नंबर बाद. कायमचा." ड्राफ्ट पुढे ढकलला गेला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मी मागाहून खाली जाऊन सांगितलं की मी आक्षेप मागे घेते, गंमत केली होती. काका म्हणाले, शिट्टी एकदा वाजली की वाजली, ती परत गिळता येत नाही. आणि हे बोलताना त्यांचा चेहरा असा उतरला की मी जिना चढून वर आले ती स्वतःला शिव्या देतच.

खरं काय ते दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं. तरुणपणी काका बास्केटबॉलचे पंच होते, शहरातले एक नंबरचे. त्या सिनेमातल्या मॅचचं शूटिंग इथल्याच एका मैदानावर झालं. हरणाऱ्या संघात कॉलेजची खरी खेळणारी मुलं घेतली आणि पंच म्हणून खऱ्या पंचाला बोलावलं. हिरो बॉल घेऊन धावत सुटला आणि काकांनी शिट्टी मारली. दिग्दर्शक ओरडला. पुन्हा शॉट, पुन्हा हिरोची पावलं, पुन्हा शिट्टी. तीनदा असं झाल्यावर कुणीतरी येऊन सांगितलं, शिट्टी तोंडात धरायची, वाजवायची नाही, नाहीतर दुसरा पंच आणतो. चौथ्या वेळी काकांनी वाजवली नाही. "मीच कारण," काकू म्हणाल्या. "पडद्यावर दिसेन असा शब्द दिला होता मला त्यांनी. मी सगळ्या नारायणगुड्याला सांगून बसले होते."

त्या शॉटमध्ये हिरो बास्केट करतो, लोक उसळतात आणि लाल बनियनमधला अकरा नंबर वळून पंचाकडे बघतो. हात वर करून. दोन सेकंद. ते कुणी त्याला करायला सांगितलं नव्हतं. सिनेमा लागला, काका पडद्यावर दिसले, माहेरच्या लोकांनी टाळ्या पिटल्या आणि काका मध्येच उठून बाहेर गेले. त्यानंतर त्यांनी एकाही मॅचला पंच म्हणून पाय ठेवला नाही. मैदानावरचे मित्र बोलवायला येत, मग येईनासे झाले. टीव्हीसमोर पावलं मोजायची सवय तेव्हापासूनची.

गुरुवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून वर आले. "बाई, बेगम बाजारला येता का?" त्यांनी विचारलं. मी चपला घातल्या. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, नाव मला माहीत आहे. यादगिरी. मिरचीचं दुकान आहे, पाटीवर नाव आहे. दहा वर्षांपूर्वी मिरची घ्यायला गेलो आणि गल्ल्यावर तो बसलेला. पोट सुटलंय, केस गेलेत, पण बघणं तेच. मिरची न घेताच परत फिरलो. तेव्हापासून मिरची मी नारायणगुड्यातून आणतो.

"मग वहीत का नाही लिहिलंत?"

"त्याला विचारल्याबगैर कसं लिहू? आणि विचारायचं तर आधी दुसरं काही बोलावं लागतं."

बेगम बाजारच्या त्या गल्लीत शिरलं की आधी शिंक येते आणि मग दुकान दिसतं. दोन्ही बाजूंना मिरचीची पोती, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. यादगिरी पन्नाशी ओलांडलेला, बुटका, गोलमटोल. गिऱ्हाईक समजून त्यानं आम्हाला स्टूल दिलं आणि मिरची कुठली हवी ते विचारलं. काका बसले नाहीत. पोत्यातली एक मिरची उचलून ते तिचा देठ मोडत राहिले. माझी नेहमीची मिजास कुठे गेली कोण जाणे, पण शेवटी मीच विचारलं की तुम्ही कधी सिनेमात काम केलं होतं का.

यादगिरी खूश झाला. हौ, केलं होतं, एकच पिक्चर, माझ्या अम्मानं सात वेळा पाहिला, असं काहीबाही सांगू लागला आणि सांगता सांगता काकांकडे बघून थांबला. नीट निरखून पाहिलं. "रेफरी साब?" तो म्हणाला.

काकांनी मान डोलावली. सगळ्या गल्लीचे डोळे मिरचीनं पाणावलेले असतात, तेव्हा त्यांना सबब आयतीच होती. त्यांनी ती घेतली नाही. "मैं रो रहा हूँ," त्यांनी सरळ सांगितलं. "तीस साल से बोलना था. हीरो चार क़दम चला था. आप मेरी तरफ देखे. मैंने सीटी नहीं बजाई. माफ़ करो."

मला वाटलं, आता हा म्हणणार, जाऊ द्या साहेब, पिक्चर होतं ते. कुणीही हेच म्हणालं असतं. मीही म्हटलं असतं, आणि तेवढ्यानं काका पार मोडले असते.

यादगिरी गल्ल्यावरून उतरला. "चार नै साब," तो गंभीरपणे म्हणाला. "पाँच थे. मैं गिना."

काका एकदम ताठ झाले. चार, ते म्हणाले. यादगिरी म्हणाला, पाच, शेवटचं छोटं होतं, तुम्ही बाजूनं बघत होतात, मी समोर होतो. काका म्हणाले, छोटं असलं तरी पाऊल ते पाऊल, पण मी मोजलं नाही असं होणार नाही. दोघांचे आवाज चढले. पलीकडचे दुकानदार डोकावू लागले. तीस वर्षांत काकांच्या मोजणीवर कुणी वाद घातला नव्हता, कारण दुसरं कुणी मोजतच नव्हतं. भांडता भांडता काकांचे डोळे कोरडे झाले आणि चेहरा असा उजळला की मला तिथं माझी गरज नाही हे कळून मी एका पोत्याला टेकून उभी राहिले.

शेवटी यादगिरीनं करून दाखवायचं ठरवलं. त्यानं चिंचेचा एक गोळा उचलला, दोन्ही हातांत धरला, लुंगी आवरली आणि पोत्यांमधल्या वाटेतून हिरोसारखा निघाला. काका मोजू लागले. एक. दोन. तिसरं पाऊल पडलं आणि काकांनी हात वर केला. मग दोन्ही मुठी छातीसमोर आणून एकमेकींभोवती फिरवल्या, अगदी पंच फिरवतात तशा.

"ट्रॅव्हलिंग," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण तो रस्त्यापर्यंत गेला असावा.

यादगिरी जागच्या जागी थांबला. धाप लागली होती. चौथं आणि पाचवं पाऊल राहूनच गेलं, आणि त्याचं दोघांनाही काही वाटलं नाही. त्यानं चिंचेचा गोळा पुढे केला आणि विचारलं, "तो बॉल हमारा हुआ ना, साब?"

"हौ," काका म्हणाले. "बॉल लाल का."