नव्या प्रोसेसराचा दसरा चुकला, त्याची हकीकत

श्रीवागीश्वरी सांगणारास धीर देवो आणि ऐकणाऱ्या लेकरांस कान देवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, एका राज्यी नवा प्रोसेसर सिद्ध जाहला. मुले हो, प्रोसेसर म्हणजे संगणकाची अक्कल. काडेपेटीएवढी चौकोनी चकती, परंतु एकटी काही करीत नाही. तिला बसावयास मदरबोर्ड नावाचा, तांब्याच्या रेघांचा पाट लागतो. आणि या प्रोसेसराचे पाय पूर्वीच्यांहून अधिक, म्हणोन जुना पाट एकही चालेना.

दिवाण बहिरोपंत यांनी भर दरबारी विडा उचलिला की, दसऱ्यास हा प्रोसेसर रयतेच्या घरी चालता करितो, न जाहल्यास दिवाणगिरीची वस्त्रे उतरोन ठेवितो. आणि मुहूर्तापूर्वी नवी चीज कोणाच्या नजरेस पडो नये, हा त्या राज्याचा रिवाज, म्हणोन पंतांनी सारे प्रोसेसर मोहोरबंद करोन कोठारी ठेविले आणि पाट घडविणाऱ्या तांबटआळीस केवळ मापे कळविली. मग दसरा जवळ आला, आणि कोठार भरले, आणि पाट एकही येईना. दरबारी म्हणाले, "प्रोसेसर तरी विकू, पाट मागाहून येतील." तेव्हा राणीसाहेब हसोन बोलिल्या, "आणि तोवर लोकांनी तो देव्हाऱ्यात ठेवोन हळदकुंकू वाहावे काय?" पंतांस घास गोड लागेना. मग ते स्वतः तांबटआळीस गेले आणि आळीची शेटीण चिमाबाई, तिजवर गरजले, "बाई, पाट कोठे आहेत?"

चिमाबाई हातची कानस न ठेविता म्हणाली, "हे काय, भिंतीस लावून ठेवलेत. यांतला कोणता चालतो ते तुम्हीच सांगा, पंत. नवरा दाखवीत नाही, आणि अंगरखा मात्र मापाचा पाहिजे!"

"रिवाज आहे, बाई."

"मग रिवाजालाच पाटावर बसवा."

पंतांनी कोठारातून एक प्रोसेसर आणवोन आपल्या हाते मोहोर फोडिली. तो पाटावर नीट बसला, परंतु संगणकाचा पडदा काळाच. पंतांचा चेहरा उतरला. चिमाबाई म्हणाली, "घाबरू नका. पाय बसलेत, ओळख पटली नाही. पाटाला नव्या पाहुण्याचं नावगाव शिकवायचं, एवढंच. आषाढात दिला असता तर तेव्हाच झालं असतं हो!" मग आळीतील जाणत्यांनी पाटाच्या पोटातील सूचना नव्याने लिहिल्या, आणि पडदा उजळला, आणि पंतांनी पगडी काढोन मोठा श्वास सोडिला.

परंतु सर्व पाटांस शिकवोन गावोगावी धाडणे दसऱ्यापूर्वी होणारे नव्हते. पंत महाराजांपुढे उभे राहोन बोलिले, "चूक माझी. वस्त्रे घ्यावी." महाराज म्हणाले, "वस्त्रे असू द्या. मुहूर्त दिवाळीच्या पाडव्यास नेतो. थांबलेले गिऱ्हाईक येते, फसलेले येत नाही." आणि पाडव्यास दुकानोदुकानी प्रोसेसर व पाट जोडीने मांडिले, आणि घरोघर पडदे उजळले, आणि पंत दोन घास अधिक जेविले. पुढील प्रोसेसराचा पहिला नग तर थेट तांबटआळीस गेला. महाराजांनी पुसिले, "पंत, आम्हांस दर्शन कधी?" पंत म्हणाले, "चिमाबाईंनी सोडिला म्हणजे."

येणेप्रमाणे राज्याचा शब्द उशिरा पाळिला गेला, परंतु पुरा पाळिला गेला. लेकरे हो, इतुके ध्यानी राहिले तरी पुष्कळ.