बिल्ला एक, फळ्या तीन

सर्व लहानथोरांस गांभीर्याने कळविण्यात येते की, माणसाला एकच वरिष्ठ असतो ही समजूत साफ खोटी आहे. हा शोध आमच्या साखर कारखान्यात लागला आणि तो लावणारे गृहस्थ, रंगनाथतात्या, त्या वेळी सुपारी कातरत होते.

बहात्तरच्या दुष्काळाच्या जरा आधीची ही गोष्ट. कारखाना राहात्याच्या बाजूला. मी टाइम ऑफिसात, तात्या शेजारच्या खोलीत. पुढच्या हंगामात ऊस किती येणार याचा अंदाज बांधणं हे त्यांचं काम. पंचाईत अशी की तोच ऊस प्रत्येक साहेबाला वेगळ्या मांडणीने हवा असे. शेतकी अधिकाऱ्यांना गावांप्रमाणे, पाटबंधाऱ्याच्या साहेबांना पाटातून फुटणाऱ्या चाऱ्यांप्रमाणे, केमिस्टना लागणीच्या महिन्याप्रमाणे. तात्यांनी भिंतीला तीन फळ्या ठोकल्या, त्यांना खुंट्या लावल्या आणि उसाच्या प्रत्येक पट्ट्याला पत्र्याचा एक बिल्ला केला. साहेब आले की सगळे बिल्ले उतरवून त्यांच्या फळीवर चढवायचे. साहेब खूश होऊन जात. दुसरे आले की पुन्हा उतरवाउतरवी.

एकदा तात्या रजेवर गेले. त्यांच्या जागी बसलेला कारकून हुशार निघाला. रोजची उतरवाउतरवी कशाला, म्हणून त्याने बिल्ल्यांचे आणखी दोन संच कापून तिन्ही फळ्या कायमच्या भरून टाकल्या. इथवर ठीक होतं. मग त्याने तिन्ही फळ्यांची बेरीज केली.

त्या बेरजेवर मॅनेजरसाहेबांनी तोडणीच्या टोळ्या बोलावल्या. तिसगावकडून बैलगाड्यांची रांगच रांग आली. आवारात चुली पेटल्या आणि मुकादम विचारू लागला की ऊस कुठं ठेवलाय. शेजारच्या कारखान्यांना हात जोडून टोळ्या वाटून द्याव्या लागल्या. रजेवरून परतलेल्या तात्यांनी जादा बिल्ले काढले आणि मॅनेजरसाहेबांना एवढंच म्हणाले, "ऊस एकच हाय साहेब. बघनारे तीन हायेत."

तेव्हापासून तात्यांना काहीही विचारा, ते आधी विचारत, "कोन्त्या फळीवरनं?" आमचा शिपाई नक्की कोणाच्या हाताखाली, असं मी विचारलं, तर म्हणाले, हजेरीला तुमचा, गणवेशाला स्टोअरचा, चहाला माझा. कॉलनीतल्या मांजरीलाही सुटका नव्हती. ती दुधाला त्यांच्याकडे आणि झोपेला शेजारच्या राधाबाईंकडे. मात्र तिने धरलेला उंदीर एकाच घरात मोजायचा, असा सक्त नियम.

राधाबाई विधवा, कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकाला. त्यांची मुलगी सुमन दोन घरांत मिळून वाढली. तात्यांना मूलबाळ नव्हतं. तिची वेणी तात्यांची बायकोच घालायची. ती वारल्यावर सुमन रोज संध्याकाळी भाकरी घेऊन येई आणि तात्यांचं ताट रिकामं होईपर्यंत उंबऱ्यात बसून राही. ही पोरगी कोणत्या फळीवर, असं मी एकदा गमतीने विचारलं. तात्या सुपारी शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती.

पुढे तात्यांनीच आपल्या थोरल्या बहिणीच्या मुलाशी सुमनचं जमवलं. लग्न कॉलनीच्या मैदानात. तात्या नवऱ्यामुलाचे सख्खे मामा, म्हणजे मानाचा फेटा आणि नवऱ्याच्या पाठीशी उभं राहायचा हक्क. राधाबाईंना घोर वेगळाच होता. त्यांना सख्खा भाऊ नव्हता. मुलीला मांडवात आणायला मामा हवा, म्हणून सुपे गावच्या एका चुलतभावाला त्यांनी गळ घातली होती. येतो म्हणाला होता.

अंतरपाट धरला गेला. मुलीच्या मामांनी मुलीला आणावं, असं भटजींनी पुकारलं. कोणी हललं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. राधाबाई रस्त्याकडे बघत होत्या. वऱ्हाडातली एक बाई शेजारणीला म्हणाली, "माहेरचं मानूस न्हाई व्हय हिला कोनी?" तिने आवाज मुद्दाम चढवला नव्हता, तरी तो सगळ्यांना ऐकू गेला. मुंडावळ्यांखाली सुमनची मान आणखी खाली गेली.

तेवढ्यात तात्या नवऱ्याच्या मागून निघाले. फेटा सावरत, कोणाकडे न बघता, भर मांडवातून पलीकडे गेले. सुमनचा हात धरून तिला पाटावर आणून उभं केलं आणि तिच्याच पाठीशी उभे राहिले. राधाबाईंनी तोंडाला पदर लावला. भटजी मंगलाष्टक विसरले.

नवऱ्यामुलाची आई, तात्यांची अक्का, भर मांडवात बोलून गेली, "आरं रंगा, मंग माझ्या पोराच्या मागं कोन?"