क्लच दाबा, बाई!

"आजपासून या शहराचा धूर वेगळा आणि माझी छाती वेगळी!" असं मास्तरांनी सकाळी आरशासमोर उभं राहून ठणकावून जाहीर केलं.

म्हणजे त्यांना तसं जाहीर करायचं होतं. स्वयंपाकघरात बायकोला ऐकू आलं ते फक्त "हूं हूं हूं!" तिने आतूनच विचारलं, "आणखी चहा हवाय का?"

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. उभा जन्म शिकाऊ माणसांच्या शेजारी बसण्यात गेला. शिकाऊ माणसाला आधी घाम फुटतो. मग तो काच खाली करतो आणि नेमका तेव्हाच बाजूला एखादा ट्रक येऊन उभा राहतो. अशी वर्षानुवर्षं ट्रकांच्या ढुंगणाशी काढल्यावर मास्तरांना खोकला जडला. साधासुधा नव्हे! मास्तर खोकले की शिकाऊ माणूस दचकून ब्रेक दाबायचा.

छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून पाहिला. "दिवसाला किती सिगारेटी?"

"एकही नाही हो!"

"मग तुमच्या वाट्याच्या सिगारेटी या बसगाड्या ओढतायत. एक तर धंदा बदला, नाहीतर चांगला मास्क लावा. साधा रुमालबिमाल चालायचा नाही."

धंदा बदलणं शक्यच नव्हतं. मास्तरांना दुसरं काहीही येत नव्हतं. घरातला बल्बसुद्धा बायकोच बदलायची. राहिला मास्क. मास्तरांचा मेहुणा गाड्यांना स्प्रे मारून रंग द्यायचा. त्याने आपला जादा मास्क आणून दिला. काळा रबरी, दोन्ही गालांवर बुटपॉलिशच्या डबीएवढे दोन गोल डबे! "दाजी, यातून रंग जात नाही, धूर काय जाणार!" मेहुणा म्हणाला. आवाजही जात नाही, हे मात्र तो सांगायला विसरला.

मागच्या पट्ट्याचं बक्कल काही केल्या बसेना. शेवटी बायकोने पट्ट्याची टोकं खेचून अशी गाठ मारली, की मास्तरांच्या भुवया वर चढल्या आणि तिथेच राहिल्या. "रस्त्यावर काढलात तर माझी शपथ आहे!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून मास्तरांनी मान डोलावली.

त्या दिवशी गाडी शिकायला होत्या बाई. निवृत्त मुख्याध्यापिका, भाषा शिकवणाऱ्या. दुसऱ्याच दिवशी त्यांची परीक्षा होती. मुलगा म्हणत होता, "आई, या वयात कशाला?" त्या 'या वयात'वर बाई इतक्या तापल्या होत्या, की नापास झाल्या असत्या तर त्यांनी मुलाला तोंड दाखवलं नसतं.

त्यांनी मास्तरांकडे एकदा पाहिलं. "ढेकूण मारायला निघालात का?"

"हूं हूं हूं हूं."

"उच्चार स्पष्ट करा!"

गाडी निघाली. पहिलं वळण आलं. "डावीकडे!" मास्तर म्हणाले.

"आईकडे? मास्तर, माझी आई जाऊन किती वर्षं झाली!"

"डावीकडे, डावीकडे!"

"अहो, आता हट्ट काय करताय लहान मुलासारखा?" बाईंनी गाडी सरळ नेली, ती थेट मोठ्या चौकात! या चौकात मास्तर नवशिक्यांना कधीच आणत नसत. इथे अनुभवी ड्रायव्हरसुद्धा देवाचं नाव घेऊन शिरत. समोरचा दिवा लाल झाला.

"थांबा! थांबा!" मास्तर मास्कमध्ये जीव तोडून ओरडले.

बाईंना ऐकू आलं, "हां हां! हां हां!" शिक्षकाचा एवढा भरघोस होकार मिळाल्यावर कोण थांबेल? बाई निघाल्या! मास्तरांनी आपल्या पायाशी असलेला जादा ब्रेक दाबला. गाडीने आचका दिला आणि चौकाच्या ऐन मधोमध ती बंद पडली.

झालं! चारी बाजूंनी हॉर्नचा गदारोळ सुरू झाला. बाईंनी चावी फिरवली. गाडी बेडकासारखी एक उडी मारून परत गप्प. वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत धावत आला आणि खिडकीशी वाकला. नेमके त्याच क्षणी मास्तर ओरडले, "क्लच दाबा, बाई! क्लच दाबा!"

पोलीस ताडकन सरळ झाला. "लाच द्या, बाई? भर चौकात? तेही असं बोंबलून?"

"लाच?" बाई कडाडल्या. "मास्तर, तुम्ही मला लाच द्यायला सांगता? मला?"

मास्तरांनी दोन्ही हात जोरजोरात हलवले. ते पाहून पोलीस आणखीच सावध झाला. "ए, तोंडावरचं काढ आधी!"

मास्तरांना बायकोची शपथ आठवली. पण समोर कायदा उभा होता! त्यांनी मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि हात मानेमागे नेले. गाठ सुटेना. ओढली तसतशी ती जास्तच घट्ट होऊ लागली. घामाने निथळत त्यांनी बोटाने मागे दाखवलं. "मागे गाठ आहे! मागे!"

"मागे आठ आहेत?" पोलीस दोन पावलं मागे सरला. "टोळी आहे तुमची?" त्याने जाऊन धाडकन डिकी उघडली. आत जादा टायर आणि बाईंची छत्री होती. छत्री त्याने झटकून, उघडून, फिरवून पाहिली. तेवढ्यात मागच्या बसमधले लोक माना बाहेर काढून कुजबुजू लागले. कुणी म्हणे, म्हातारीला पळवून नेत होता. कुणी म्हणे, छे, म्हातारीनेच त्याला धरून आणलाय!

शेवटी बाईंनीच केसांत खोचलेला आकडा काढला. "इकडे करा मान. पोरींच्या रिबिनींच्या गाठी सोडवण्यात आयुष्य गेलंय माझं." दोन झटक्यांत मास्क सुटला. मास्तरांनी तोंड उघडून पोटभर श्वास घेतला आणि शेजारच्या बसने त्याच मुहूर्तावर काळा ढग सोडला!

मास्तर जे खोकायला लागले ते वाकडे होईपर्यंत. शेजारी पोलीसही खोकू लागला. एक थांबला की दुसरा. दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. खोकल्यांच्या मधल्या फटींतून मास्तरांनी क्लच, डॉक्टर आणि मेहुणा एवढं कसंबसं सांगितलं. पोलिसाचा राग विरघळला.

"मी तर दिवसभर इथेच उभा असतो हो," तो हळूच म्हणाला. "घरी जाऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. जरा बघू तो मास्क."

त्याने मास्क चढवला. सकाळी हटून बसलेलं बक्कल आता मात्र पहिल्याच झटक्यात खट्कन बसलं! पोलिसाने खोल श्वास घेतला. डोळे मिटले. चेहऱ्यावर, म्हणजे जेवढा दिसत होता तेवढ्यावर, समाधान पसरलं. मग सवयीने त्याने शिट्टी तोंडाकडे नेली. टक्! शिट्टी रबरावर आपटली. पुन्हा टक्!

शिट्टी गेली आणि चौकाचा धाकच गेला. जो तो पुढे घुसला. बसला टेम्पो भिडला, टेम्पोला दूधगाडी. आणि सगळ्यांची इंजिनं चालू! एवढा धूर त्या चौकाने कधी पाहिला नसेल.

तेव्हा बाई खाली उतरल्या. छत्री उगारून त्यांनी असा आवाज लावला, की हॉर्नसुद्धा वरमले. "गप्प! सगळ्यांनी इंजिनं बंद करा! ज्याला हॉर्न वाजवायचाय त्याने आधी हात वर करायचा!" दूधगाडीवाल्याने खरोखरच हात वर केला. "तू मागे घे. ए बस, तू पुढे. धक्काबुक्की नको! ए टेम्पो, तुला वेगळं सांगू का?"

चौक मोकळा झाला. बाई परत येऊन बसल्या, क्लच दाबला आणि गाडी अलगद बाहेर काढली. एकही आचका न देता! मास्तर पाहतच राहिले. मास्क पोलिसाच्या तोंडावरच राहिला, हे घरी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बायकोने शपथेचं काय झालं ते विचारलं. मास्तरांनी खोकल्याची उबळ आल्याचं सोंग केलं.

बाई परीक्षा पास झाल्या. मग एका सकाळी स्वतः गाडी चालवत स्कूलच्या दारात हजर! गाडी यजमानांच्या वेळची, कित्येक वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली. इंजिन खडखडत होतं आणि मागून असा धूर निघत होता, की समोरचं दुकान दिसेनासं झालं.

"मास्तर, हे सगळं तुमच्यामुळे!" बाई खिडकीतून म्हणाल्या. "माझ्या मैत्रिणींनाही सांगितलंय. सगळ्यांच्या घरी अशा गाड्या नुसत्या पडून आहेत. सगळ्या येतायत शिकायला!"

मास्तरांना "अभिनंदन" म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि नुसता खोकला आला.

"अहो, खोकला असा अंगावर काढू नका," बाई कळकळीने म्हणाल्या, आणि झकास गिअर टाकून निघून गेल्या.